पाठीवर ताप, हातात रंधा

...आणि वर मलाच विचारतात, तापाची पोरं घेऊन पेट्यांमध्ये कशाला बसला होतास म्हणून. अहो, मग कुठे बसू? माझं दुकान म्हणजे माझं अंगण, अंगण म्हणजे घर, आणि मी करतो शवपेट्या. पलंग करत असतो तर पोरांना पलंगावर बसवलं असतं. आमच्या म्झुझू शहरात बाजारामागच्या चढावर कुणालाही विचारा, मापोपा सुतार कुठे राहतो, लोक आवाज खाली करून हात दाखवतात. दाखवतात आणि तो हात पुसतात.

तर तुम्हाला सांगतो, त्या आठवड्यात नेमकी बायको नाही. टोवेरा शिक्षिका, तिला परीक्षेच्या देखरेखीला करोंग्याला पाठवलेलं, मध्येच सोडून येता येत नाही. ती गेली आणि थोरला खुम्बो तापला. दवाखान्यात नेलं, मलेरिया. गोळ्या घेऊन परत येतोय तोवर धाकटी लुसुंगू खांद्यावर भट्टीसारखी. परत दवाखाना, परत रांग, परत मलेरिया. नर्स म्हणाली, "गोळी पोटात टिकली पाहिजे. ओकली तर पुन्हा द्या. झटके आले किंवा उठवून उठेना, तर उचला आणि पळत या. नजर हलवू नका." बरं म्हटलं, नाही हलवत नजर. घरी येतो तर दारात चावुला उभा.

चावुलाचे वडील गेलेले. गावचे प्रमुख, मोठं माणूस, उंचीलाही मोठं. दुसऱ्या दिवशी सकाळी दफन. म्हणाला, "पेटी आज हवी, मापोपा. वडील थांबणार नाहीत." मी म्हटलं, "पोरं आजारी आहेत हो." तर म्हणतो, "पोरं बरी होतात. वडील काही बरे व्हायचे नाहीत." आता यावर तुम्हीच सांगा, माणसानं करावं काय?

घेतलं काम. खुम्बोला आत चटईवर निजवलं. लुसुंगू मात्र, मी दिसेनासा झालो की रडायची, रडली की ओकायची, ओकली की गोळी बाहेर. म्हणून तिची चटई बाहेर आणली, पत्र्याखाली, रंध्याच्या सालपटांवर. रंधा मारायचा, लुसुंगूच्या कपाळाला हात लावायचा, आत पळायचं, खुम्बोच्या कपाळाला लावायचा, परत रंधा. एका चुलीवर पेज, दुसरीवर सरस. सरसाची काठी पेजेत जाता जाता राहिली. तेवढ्यात टोवेराचा फोन, "खुम्बोचे बाबा, ठोकाठोक कसली चाललीय? पोरं झोपलीत ना?" म्हटलं, "शेजारी काहीतरी चाललंय." "शेजारी न्यागोंडवे राहते, ती म्हातारी काय ठोकतेय?"

आणि खरंच न्यागोंडवे आली. भोपळ्याची पेज घेऊन कुंपणापर्यंत आली आणि थांबली. "खुम्बोच्या बापा, लेकराला तिथून उचल."

"का, मावशी?"

"उगाच. उचल. मी आत आले असते रे, पण..."

पण काय? माझ्या अंगणापाशी आलं की सगळ्यांची वाक्यं तुटतात. पेज तिनं कुंपणावरूनच दिली. लेकराला उचलून ठेवू कुठे, आणि काम करू कधी? तुम्हीच सांगा, माणसानं करावं काय?

दुपारी धुकं उतरलं आणि लुसुंगू रडायची थांबली. तुम्हाला वाटेल, बरं झालं. मला नाही वाटलं. डोळे अर्धे उघडे, हाक मारली की "हूं", बस. आणि त्याच वेळी फाटकाशी एक माणूस, सायकल धरून. लुंडू त्याचं नाव, ते मला मागाहून कळलं. टोपी हातात. "लहान पेटी हवी," म्हणाला.

मी म्हटलं, "लहान मी करत नाही." खुम्बो झाला तेव्हापासून नाही केली. "बाजारातल्या सुताराकडे जा."

"जाऊन आलो. बंद आहे."

"केवढी?" तोंडातून निघून गेलं. धंद्याची सवय, दुसरं काय.

त्यानं माप आणलेलं नव्हतं. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मग माझ्या लेकीकडे बघितलं. "एवढीच," म्हणाला. "मलेरियाच होता."

हाकलावं याला? बाप होता तो. म्हटलं, "तिच्याकडे बघू नका. माझ्याकडे बघा. हातानं दाखवा." त्यानं कमरेपाशी हात धरला, आपण पोराची उंची दाखवतो तसा, आणि तो हात खाली घ्यायचंच विसरला.

चावुलाच्या वडिलांचं झाकण ठेवलं बाजूला, लहान फळ्या काढल्या. लुसुंगूला उचललं आणि टोवेराच्या कापडानं पाठीला बांधलं. आमच्याकडे बाप्ये पाठीवर पोर बांधत नाहीत, रस्त्यावरच्या बायका हसल्या, हसू देत. एक खिळा ठोकायचा, विचारायचं, "लुसुंगू?" मागून "हूं". दुसरा खिळा, "हूं". आणि एका खिळ्याला काहीच नाही.

हातोडा तसाच वर. मान वळवायचा धीर होईना. समोर लुंडूनं श्वास रोखलेला. आणि एकदम पाठ ओली. गरम, मानेखालून कमरेपर्यंत, तिथून पँटमध्ये. लुंडू मागे जाऊन बघून आला आणि म्हणाला, "मुतली." मागून आवाज, "बाबा, भूक."

हसू फुटणार होतं, पण त्याच्यासमोर हसायचं कसं? गिळलं. पेटी आम्ही दोघांनी मिळून त्याच्या सायकलला बांधली. त्यानं लुसुंगूच्या डोक्याकडे हात नेला, मग मागे घेतला, टोपी घातली आणि गेला. तुम्हीच सांगा, मी त्याला म्हणावं काय?

संध्याकाळी चावुला आला, तर झाकण अर्धंच. "वडील थांबणार नाहीत म्हटलं होतं ना?" म्हटलं, "थांबले की." दिलं पुरं करून.

पोरं उठली, खेळायला लागली. टोवेरा आली, तिला न्यागोंडवेनं सगळं आधीच सांगून ठेवलेलं. ती काही बोलली नाही, ते कापड तेवढं धुऊन टाकलं. पण लुंडू बोलला. गावोगाव बोलला. लहान पेटी हवी तर मापोपाकडे जा, जीव लावून करतो, त्याला स्वतःची पोरं आहेत. आता येतात लोक, लांबलांबून. नाही म्हटलं तर म्हणतात, "तुमचंच नाव ऐकून आलो हो."

धंद्यात आपलं नाव व्हावं असं कुणाला वाटत नाही? झालं माझं.