नवमीला न उचललेला टॅप

सभेचे अध्यक्ष आणि आमचे मालक शिवयोगीशेट, व्यासपीठावरची भवानी पेठेतली मान्यवर मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे मॅनेजर चनमल्लप्पा, आपल्या मोटार सर्व्हिसचे सगळे ड्रायव्हर, क्लीनर आणि कारकून, आणि उजव्या हाताला बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, आपणा सर्वांना सिद्रामप्पा मिस्त्रीचा शरणु शरणार्थी.

बोलण्याची मला सवय नाही. इंजिनाखाली आडवा पडून जन्म गेला, तिथं ऐकायला कोण असतं? पण समितीची मंडळी म्हणाली, मिस्त्री, तुम्ही चनमल्लप्पांचे सर्वांत जुने स्नेही, तुम्ही दोन शब्द बोललेच पाहिजेत. शाळेतल्या गुरुजींनी मला एक चांगलं भाषणही लिहून दिलं. ते कोटाच्या खिशात आहे आणि तिथंच राहील. कारण माझ्या आधी बोललेले वकीलसाहेब म्हणाले की, चनमल्लप्पांनी दिलेला शब्द कधी फिरवला नाही. ते ऐकलं आणि गुरुजींचं भाषण माझ्याच्यानं वाचवेना.

चनमल्लप्पांचे गुण मी नाकारत नाही. अक्कलकोटाकडच्या एकाच गावातून आम्ही दोघं सोलापुरात आलो. मी हत्यार धरलं, त्यांनी चाक धरलं. करमाळ्याची लाइन त्यांनी उभी केली. वाटेत उभी असलेली म्हातारी त्यांनी कधी मागं सोडली नाही, गाडी भरली असली तरी तिला टपावरच्या गाठोड्यांत नाही, आपल्या शेजारी बसवलं. माणूस गोड. आता ते अकलूजला स्वतःची सर्व्हिस काढतायत. ऊसवाल्यांचा मुलूख आहे, धंदा चालेल. त्यांच्या गाड्या सुखरूप धावोत, हे मी मनापासून म्हणतो, कारण त्या गाड्यांत बसणाऱ्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

माझं वाईट कुणी केलं, ते आज सांगतो. अध्यक्षमहाराज, थोडा वेळ द्या. घड्याळाकडे पाहू नका.

ज्यांना मोटारीतलं कळत नाही त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट सांगायला हवी. इंजिन तापू नये म्हणून त्यात पाणी खेळवणारा एक पंप असतो. तो बोल्टांनी इंजिनाच्या बिडावर आवळलेला असतो. बिडातल्या भोकाला आतून आटे पाडलेले असतात, बोल्ट त्यांत धरतो. करमाळा लाइनच्या मोठ्या गाडीचा पंप गळायला लागला, म्हणून काही वर्षांमागं नवरात्रातल्या अष्टमीच्या दिवशी मी तो खोलला. नवा पंप आणलेला होता. पण एक जुना बोल्ट गंजून असा बसला होता की निघताना भोकातले आटे सोबत घेऊनच निघाला. मग नवा बोल्ट घातला तरी तो नुसता फिरतो, धरत नाही. त्यावर उपाय एकच. भोक जरा मोठं करायचं, टॅप नावाचं हत्यार घालून त्यात नवे आटे पाडायचे, आणि एका अंगानं जाड, दुसऱ्या अंगानं बारीक असा बिनडोक्याचा बोल्ट, म्हणजे स्टड, घडवून बसवायचा. घाईचं काम नव्हे. आणि तोवर दिवस मावळला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आपल्या कारखान्याची रीत इथं सगळ्यांना ठाऊक आहे. नवमीला पाने, हातोड्या, टॅप सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. ती पूजा तेव्हा माझ्या हातची असायची. दसऱ्याला पाटावरचा पाना उचलून एकेकाच्या हातात देण्याचा मानही माझाच. काशम्मा, म्हणजे माझी मंडळी, हत्यारांच्या नैवेद्याला घरून पुरणाच्या होळग्या करून आणायची. मी चनमल्लप्पांना सांगितलं, गाडी दसऱ्याला निघणार नाही, उत्तरपूजेनंतर मी स्टड बसवतो. ते बरं म्हणाले. पूजेला नमस्कार करून, होळगी खाऊन गेले.

दसऱ्याला पहाटे मी आलो तर गाडी जागेवर नव्हती.

करमाळ्याच्या कमळाभवानीच्या दर्शनाला जाणाऱ्या माणसांनी ती गाडी भरली होती. ती माणसं चनमल्लप्पांनीच गोळा केलेली, गाडी निघणार असं शेटना कबूलही त्यांनीच केलेलं, आणि चाकावरही तेच. करमाळ्याच्या अलीकडे बोल्ट सुटून पडला, पंप हलला, पाणी रस्त्यावर गेलं, आणि इंजिनाच्या बिडाला तडा गेला. म्हातारी माणसं पोरंबाळं घेऊन उन्हात चालत गेली. गाडी बैल जुंपून ओढून आणावी लागली.

शेट, तुम्ही आम्हां दोघांना समोर उभं केलंत. आठवतं ना? तेव्हा चनमल्लप्पा काय म्हणाले, ते मला अक्षर न् अक्षर पाठ आहे. "शेट, मी नगं नगं म्हणत हुतो की. पर ह्यानं नवमीच्या सांजंला पूजंतला टॅप उचलला आन् काम उरकलं."

नुसतं काम कच्चं केलं म्हणाले असते तर मी सोसलं असतं. मिस्त्रीचं काम कधीमधी कच्चं राहतंही. पण त्यांनी मला पूजा मोडणारा केलं, आणि तेही समजून उमजून, कारण एकदा ते बोललं की पुढं कुणी काही विचारणार नाही हे त्यांना माहीत होतं. तसंच झालं. गाडीला तडा का गेला? मिस्त्रीनं पूजा मोडली म्हणून. सगळ्यांना पटलं. मी म्हणालो, शेट, मी हात लावला न्हाय, त्या टॅपाला अजून कुनी शिवलं न्हाय, वरचं कुंकू जसंच्या तसं हाय, येऊन बघा. कुणी आलं नाही. शेट, तुम्हीही आला नाहीत.

संध्याकाळी चनमल्लप्पा माझ्याकडे आले आणि रडले. त्यांनी स्वतः सांगितलं की घरून सूत आणून ते फटी बुजवायच्या सफेद्यात बुडवलं, बोल्टाला गुंडाळलं, आणि गाडीतल्या पान्यानं तो आवळला. पूजेतलं हत्यार तर त्यांनीही उचललं नव्हतं. गार इंजिनावर तसला बोल्ट धरल्यासारखा वाटतो, गरम झालं की सुटतो. आता खोटा पडलो तर शेट मला हाकलतील, म्हणाले. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून म्हणाले, दिवाळी हू दे, मी सोता शेटला सांगतो, तंवर कुनाला बोलू नगंस. लिंगाची शपथ घेतलेल्या माणसावर भरवसा ठेवायचा नाही, तर कुणावर ठेवायचा, सांगा. मी गप्प बसलो.

ती दिवाळी गेली, नंतरच्याही गेल्या. शेटनी पूजेचा मान माझ्याकडून काढून चनमल्लप्पांना दिला, पुढं मॅनेजरही केलं, कारण माणूस विश्वासू. तेव्हापासून दर दसऱ्याला मी ओळीत उभा राहतो आणि ते माझ्या हातात पाना देतात. देताना हसतात. वाईट हसत नाहीत, स्नेह्यासारखंच हसतात. मला त्याचीच चीड येते. वैऱ्यानं केलं असतं तर मी विसरलो असतो, ह्यांनी केसानं गळा कापला.

आणि बायकांत बसलेल्या काशम्माला मी हे आजवर सांगितलेलं नाही. शब्द दिला होता म्हणून तिलाही नाही. नवऱ्यानं हत्यारांचा अपमान केला असं मनात धरून ती दर नवमीला दिवसभर पाणीसुद्धा घेत नाही. माझ्या नावानं प्रायश्चित्त करते. चनमल्लप्पांना हे ठाऊक आहे. मागच्याच नवमीला ते आमच्या ओसरीवर बसून तिला म्हणाले, काशम्मा, तुझ्यासारखी बायको नशिबानं मिळते. तेव्हाही त्यांना सांगवलं नाही.

चनमल्लप्पा, तुम्ही उद्या अकलूजला जाल. आज शेटच्या देखत आणि तिच्या देखत एवढंच म्हणा की, त्या नवमीला सिद्रामप्पानं टॅप उचलला नव्हता. मी थांबतो.

मागं बसलेल्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून सांगतो. ते म्हणाले, "आता कशाला काढतुस रं ते?" खोटं आहे असं म्हणाले नाहीत. शेटनीही ऐकलं.

माझ्या बोलण्यानंतर सत्कारमूर्तींना हार घालायचं काम समितीनं माझ्यावर सोपवलं होतं. ते दुसऱ्या कुणीतरी करावं. अध्यक्षमहाराजांनी मला बोलू दिलं, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अडाण्याच्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर शेटनी आणि पाहुण्यांनी पोटात घालावं. चनमल्लप्पांची क्षमा मात्र मी मागत नाही.

काशम्मा, ऊठ, घरी जाऊ. येत्या नवमीला होळग्या कर, आणि पहिली तू खा.