काळी पडलेली पिन

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर ठेवलेल्या ट्रॅक्टरच्या कंट्रोल बॉक्सची एकच पिन काळी पडली होती. रांगेत माझ्यापुढे बाप-लेक उभे होते. दोघांच्याही नखांत ग्रीस होतं.

“बाबा, वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढलीच नव्हती ना? म्हणून वेल्डिंगचा करंट या बॉक्समध्ये शिरला.”

“काढली की रेडिओची स्टेशनं पुसली जातात. गिऱ्हाईक कुरकुरतं.”

“आणि आता अख्खा ट्रॅक्टर बंद पडलाय, तर ओवाळणार आहे का?”

“जुन्या ट्रॅक्टरना कुठे होती ही नाटकं?”

“जुने आता येतात कुठे आपल्या गॅरेजमध्ये? मी दरवेळी म्हणते, वेल्डिंग माझ्याकडे द्या. तुम्ही म्हणता, बघू.”

“पोरी, हळू. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. आज उत्तर घेतल्याशिवाय मी हलणार नाही.”

“आईवर गेलीस अगदी.”

“बाबा.”

“बरं. आजपासून वेल्डिंग तू करायचं. मी नट आवळीन.”