टँकरपाशी झालेली बबन्याची तीन गाणी

उमापूरच्या बबन्याचं सांगतो, चहा निवायच्या आत संपतंय. हा पुण्याच्या एका रॉक बँडात पुढं उभं राहून गायचा. बाप, म्हंजी आप्पा, दूध सोसायटीचा चेअरमन. दुष्काळात पोरगं सगळा बँड घेऊन गावात आलं, तवा आप्पा म्हणले, "गावानं तीन गाणी बसून ऐकली तर जा पुण्याला. न्हाई तर उद्यापासून सोसायटीत दूध मोजायचं."

स्टेज म्हणजे माझ्या ट्रॅक्टरची ट्रॉली. पहिल्याच गाण्याला बबन्या असा वरडला, की मी इचारलं, "ह्याला इंचू चावला का बे?" गाव हसलं, पण बसून राहिलं. दुसरं गाणं रंगात आलं आन् वेशीत पाण्याचा टँकर शिरला. अख्खं गाव घागरी घेऊन पळालं. समोर उरले एकटे आप्पा, मिशीत हसत.

बबन्याचं तोंड उतरलं. मी म्हणलं, "आरं येड्या, पाण्याची लाईन सोडून कोण जातंय? समदी ट्रॉलीला धरून बसा." ट्रॅक्टर चालू केला आन् ट्रॉली, जनरेटर, बँड, सगळं टँकरला नेऊन भिडवलं. बबन्या पुन्हा पहिल्या गाण्यापासून गायला लागला.

तिसऱ्या गाण्याला आप्पा तणतणत ट्रॉलीपुढं येऊन उभे राहिले. "हे मी धरणार न्हाई. लोक पाण्यासाठी थांबलेत."

टँकरवाला म्हणला, "चेअरमनसाहेब, टँकर कवाच रिकामा झालाय."

भरल्या घागरीशेजारी मांडी घालून बसलेली कौसाबाई करवादली, "आप्पा, तुमी आधी बाजूला सरका. पोरगं दिसंना."