गोळी घेतलीत का?

...नाही, पण मी म्हणतो, सकाळी सात वाजता, तोंडात ब्रश असताना, माणसानं हसून दाखवायचं कसं? सांगा ना! आमची लेक, वय वर्षं तेरा, बाथरूमच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. "बाबा, हसून दाखवा." हसलो. फेसासकट हसलो! तिनं मान तिरकी करून माझ्याकडे असं पाहिलं, जसं माणूस भाजीवाल्याकडची वांगी बघतो, आणि आत ओरडली, "आई, हसले! पण डोळे नाही हसले!" आता डोळे वेगळे हसवायचे कुठून? लगेच आतून बायकोचा आवाज, "अहो, गोळी घेतलीत का?"

अगं, गोळी नाश्त्यानंतर घ्यायची, नाश्ता तुझ्या हातात, मी ब्रश करतोय... पण नाही! ती विचारणार, लेक विचारणार, आणि रविवार असला तर आमचा दादा विचारणार. दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, दोन गल्ल्या सोडून राहतो, आणि जन्माला आला तेव्हापासून त्याला सगळं येतं. सुटका नाही हो, सुटका नाही!

म्हणजे मी काही पहिल्यापासून असा नव्हतो. मी गाडी शिकवतो. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी एक माणूस बसलेला असतो बघा, चेहरा कसा शांत, तलावासारखा, आणि पाय मात्र खाली त्याच्या वेगळ्या ब्रेकवर थरथरत असतो? तो मी. एकोणीस वर्षं तोच. लोकांनी माझ्या शेजारी बसून भिंतीला गाडी लावलीय, कठड्याला लावलीय, एकानं तर उभ्या असलेल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला लावलीय, आणि मी म्हणालोय, "छान. आता हळूच क्लच सोडा." मला वाटायचं, आपल्याला काय होणार?

आणि झालं ते असं गुपचूप झालं! झोप गेली. भूक गेली. सकाळी मोजा घालायचा म्हटलं तरी एक पाय हातात धरून वीस मिनिटं नुसता बसायचो. कारण? काही नाही! तेच तर! कारण असतं तर निदान भांडता आलं असतं. आणि एक दिवस एक पहिलवान गडी रिव्हर्स घेत होता, मान एवढी जाड की मागं वळतच नाही, आणि मी आपला शेजारी बसून रडायला लागलो. धो धो! तो बिचारा घाबरला. गाडी थांबवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सर, इतकी वाईट घेतली का हो मी?"

मग बायकोनं डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे काय, धरून नेलं. डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचा. सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, आणि मग एकदम साध्या आवाजात विचारलं, "आपण नसतो तर बरं झालं असतं, असं कधी वाटतं का?" मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्या शेजारी रोज दहा जण आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालवतात, मला वेगळं काही करायची गरजच नाही!" विनोद केला मी! तो हसला नाही. बायको हसली नाही. खोलीत तो पंखा तेवढा फिरतोय गर्रगर्र... आणि मग माझ्याच तोंडून निघालं, "वाटतं. कधी कधी." बायकोनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसती मांडीवरची पिशवी घट्ट धरली.

तर तिथून ही गोळी. डॉक्टरनं नीट समजावलं हो. रोज ठरलेल्या वेळी घ्यायची. आज घेतली आणि उद्या बरं वाटलं असं होणार नाही, तीन-चार आठवडे लागतील, जास्तही लागतील. दारू नको. दुसरं कुठलंही औषध घ्यायचं तर आधी विचारायचं. गोळी अंगाला कशी मानवते ते कळेपर्यंत गाडीत बसायचं नाही. स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. आणि मग बायकोकडे वळून म्हणाला, "पहिले काही आठवडे लक्ष ठेवा. अस्वस्थपणा वाढला, नको ते बोलायला लागले, तर वाट बघायची नाही. लगेच फोन."

लक्ष ठेवा! या बाईला! जी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅससमोर उभी राहून दुधाकडे डोळे वटारून बघते, तिला सांगितलं, नवऱ्यावर लक्ष ठेवा!

पहिले पंधरा दिवस तर विचारू नका. तोंडाला कोरड, पोटात ढवळतंय, दुपारी झोप आणि झोपायच्या वेळी टक्क जागा. गाडीत बसायचं नाही, म्हणून स्कूलच्या ऑफिसात तक्त्यासमोर उभा राहून लोकांना रस्त्यावरच्या खुणा शिकवायचो. "पुढे वळण आहे." "पुढे रस्ता बंद आहे." घरी आलो की ही दारात. "अहो, गोळी घेतलीत का?" एक दिवस चुकली, दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, दादा म्हणतो, "त्यात काय? आज दोन घे, हिशोब पुरा!" बायकोनं त्याच्या हातातली गोळ्यांची पट्टी हिसकावली आणि डॉक्टरला फोन लावला. दोन नाहीच घ्यायच्या, आजची तेवढी आजच्या वेळेला. दादा म्हणाला, "हल्लीच्या डॉक्टरांना धाडसच नाही."

खोकला झाला, ही औषधाच्या दुकानात. मला बरोबर नेलेलं. पुढे रांग, मागे रांग, मधे मी, आणि ही काउंटरवरून विचारतेय खणखणीत आवाजात, "यांना डिप्रेशनची गोळी चालू आहे, हे खोकल्याचं चालेल का त्याबरोबर?" मागे कोण? माझ्याकडे गाडी शिकलेले दोघं! "नमस्कार सर!" मला वाटलं, त्या काउंटरखाली काचेची पेटी आहे, तीत जाऊन बसावं, मलमांच्या शेजारी. दुकानदारानं बाटली उलटीसुलटी केली, म्हणाला, "हे नको. याच्यातलं औषध त्या गोळीबरोबर जमत नाही. डॉक्टरांना विचारून दुसरं देतो." म्हणजे तिचंच बरोबर! हे आणखी वाईट! माणसाला निदान चुकीच्या माणसावर तरी चिडता यावं! पण नाही. सुटका नाही!

आणि मग सहाव्या आठवड्यात काय झालं माहितीये? शेजारचा सकाळी सकाळी भिंतीत खिळा ठोकत होता, ठक ठक ठक, आणि मला राग आला. खरा, खणखणीत, जुना राग! मी उठून भिंतीवर मूठ आपटली, "अहो, माणसं राहतात इकडे!" आणि वळून बघतो तर बायको दारात उभी, डोळ्यांत पाणी. म्हणाली, "भांडलात?" जसं काही मी पदक आणलंय!

हळूहळू जेवायला लागलो. डॉक्टरनं तपासलं, म्हणाला, आता गाडीत बसा. बसलो. सगळं छान. आणि इथंच... इथंच माणूस फसतो! चौथा महिना लागला. दादा आला, सोफ्यावर पसरला आणि म्हणाला, "अरे, आता ठणठणीत दिसतोस की! मग कशाला त्या गोळ्या? सवय लागते. आयुष्यभर सुटायची नाही. मन खंबीर ठेवायचं. माझ्याकडे बघ, मला होतं का काही?"

मला पटलं हो! खोटं कशाला बोलू? दादाचं पटलं म्हणण्यापेक्षा, मला तो प्रश्न नको झाला होता. गोळी नाही तर प्रश्न नाही! मोकळा! मग मी काय केलं... गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायचं, गालात धरायची, आणि बाहेर पडलो की जिन्यात रुमालात. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, जिन्यात उभा राहून रुमालात गोळी थुंकतोय! आणि वर ती विचारणार, "घेतलीत?" आणि मी म्हणणार, "घेतली." इतक्या वर्षांत तिच्याशी खोटं असं कधी बोललो नव्हतो. म्हणजे बोललो होतो, पण रोज ठरलेल्या वेळी कधी नाही.

पहिले दोन दिवस काही नाही. म्हटलं, बघा! तिसऱ्या दिवशी डोकं हलकं. चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात झटका, अगदी विजेच्या बटणाला ओला हात लागल्यासारखा, झर्रकन! घाम. चिडचिड. लेकीनं पेन मागितलं तर तिच्यावर असा खेकसलो की ती पेन न घेताच गेली.

आणि पाचव्या दिवशी मी गाडीत. शिकायला कोण, तर एक निवृत्त शिक्षिका. आम्ही त्यांना बाईच म्हणतो. वय त्रेसष्ट, पाठ ताठ, दुसऱ्या गिअरच्या वर कधी गेल्या नाहीत. उड्डाणपुलावर चढलो, मी डावीकडे आरसा बघायला मान वळवली, आणि झटका! पूल असा तिरका झाला, आणि माझा पाय, एकोणीस वर्षांचा माझा शहाणा पाय, खटकन ब्रेकवर. भर पुलावर गाडी उभी! मागून करकचून टायर वाजले, एक टेम्पो, खरं सांगतो, एवढ्यावर, हातभर अंतरावर थांबला. मग हॉर्न! टेम्पोवाला उतरून माझ्या आईचा उद्धार करतोय, आणि मी पांढराफटक. बाईंना काही झालं असतं तर? मी, ब्रेकसाठी बसवलेला माणूस!

बाई शांत. धोक्याचे दिवे लावले, मी सांगितलं नव्हतं हं! आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, मी तेहतीस वर्षं परीक्षेला देखरेख केलीय. लपवणारा चेहरा मला कळतो. काय लपवताय?"

आणि मी रुमाल काढून दाखवला. अख्खा रुमाल! दोन अर्धवट विरघळलेल्या गोळ्या चिकटलेल्या.

त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "हेच मी केलं होतं, आमचे हे गेले त्या वर्षी. मी कपाटात लपवत होते. पाचव्या दिवशी भिंत धरून चालत होते. पट्टा लावा."

"बाई, लावलाय."

"मग गप्प बसा. डॉक्टर कुठं बसतात?"

आणि निघाल्या हो! तिसरा गिअर! चौथा गिअर! मी म्हणतोय, "बाई, सावकाश," त्या म्हणतायत, "रस्ता सांगा." दार उघडून उडी मारायची तर गाडी पळतेय, ब्रेक मारायचा तर त्यांनी दम दिलेला, "पाय वर घ्या!" मी पाय वर घेऊन, मांडी घालून, माझ्याच गाडीत, माझ्याच सीटवर!

डॉक्टर ओरडला नाही. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "व्यसन वेगळं, हे वेगळं. शरीराला गोळीची सवय झालेली असते, एकदम काढून घेतली की ते गोंधळतं. सोडायची आहे ना? सोडू. मीच सोडवणार. पण बरं वाटल्यावरही काही महिने घ्यायची, आणि मग पायरी पायरीनं कमी. तुम्ही चौथ्या गिअरमधून एकदम गाडी बंद करता का?" माझ्याच धंद्यातलं उदाहरण देऊन मला गप्प केलं! ज्या डोसवर होतो तोच पुन्हा सुरू करून दिला, आणि डोकं ताळ्यावर येईपर्यंत गाडी बंद.

घरी बायकोला सांगितलं. सगळं. रुमालासकट. मला वाटलं, आता भांडी आपटणार. ती खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, मला रोज विचारायला आवडतं? त्या दिवशी डॉक्टरांना 'वाटतं' म्हणालात ना तुम्ही... तेव्हापासून तुम्ही जिन्यातून खाली उतरलात की मी खिडकीशी उभी असते. तुम्ही कोपऱ्यावर वळेपर्यंत. आणि तुम्ही जिन्यात..."

म्हणजे रोज मी जिन्यात गोळी थुंकायचो तेव्हा ही वर खिडकीत उभी! आता ती विचारते, "गोळी घेतलीत का?" आणि मी तोंड उघडून जीभ वर करून दाखवतो. तिनं मागितलेलं नाही. मीच दाखवतो. चिडतो अजूनही, चिडायचं बंद केलं तर ती डॉक्टरला फोन लावेल! सुटका नाही म्हटलं ना!

आणि गेल्या रविवारी दादा आला. बायको आत होती. सोफ्यावर पसरला नाही, कडेला टेकला. हळूच म्हणाला, "अरे... तुझ्यातली एक गोळी देतोस का? झोप नाही रे महिनाभर. सकाळी उठावंसंच वाटत नाही." मी त्याच्याकडे बघतच राहिलो. मन खंबीरवाला माझा दादा! शर्टाचं बटण चुकीच्या काजात, दाढी तीन दिवसांची. मी म्हटलं, "दादा, एक काय, अर्धीसुद्धा देणार नाही. माझी गोळी माझी. उद्या डॉक्टरकडे चल, तो तुला बघेल, तुझं तुला काय ते देईल." नाही, नाही म्हणाला, आणि मग लहान मुलासारखा म्हणाला, "तू येशील बरोबर?"

गेलो की. माझं डोकं ताळ्यावर आलेलं, डॉक्टरनं परवानगी दिलेली, म्हणून गाडी मीच चालवली. दादा शेजारी. दादाला गाडी येत नाही, सायकलसुद्धा येत नाही! आणि घरापासून दवाखान्यापर्यंत सबंध रस्ता, "क्लच दाब. आता सोड. अरे, हॉर्न दे. डावीकडे घे. कुणी शिकवली रे तुला?"

मी म्हटलं, "हो दादा." आणि क्लच दाबला.