दोन तास काही जाणवणार नाही

...नाही, मला एक सांगा, गाडीला अक्कल नसते हे मान्य, पण निदान वेळकाळ तरी कळावा की नाही? बंद पडायचंच होतं तर घरासमोर पड, पेट्रोल पंपावर पड, ऑफिसला जाताना पड, मी साहेबांना कळवलं असतं आणि परत येऊन मस्त ताणून दिली असती! पण नाही. ही बया पडली कधी? तर मी दाढ काढून परत येत होतो तेव्हा! उजवीकडची, खालची, अगदी शेवटची. डॉक्टरांनी एकामागून एक तीन इंजेक्शनं टोचली, तोंडात हा एवढा कापसाचा बोळा कोंबला आणि म्हणाले, "दोन तास काही जाणवणार नाही." म्हटलं वा! या वयात दोन तास काही जाणवणार नाही म्हणजे चैनच की! अर्धी जीभ गेलेली, अर्धा ओठ गेलेला, गाल तर कुणाचा तरी उसना आणून चिकटवल्यासारखा... आणि मी आपला निघालो गाडी घेऊन. चालवू नका असं कोणी सांगितलंच नव्हतं.

तर पुलाच्या अलीकडे बघतो, समोरचा एक काटा हळूहळू वर चाललाय. आता तुम्हाला सांगतो, गाडीतल्या मला दोनच गोष्टी कळतात, स्टिअरिंग आणि पेट्रोल. काटा वर जातोय, जाऊ दे! काटा वर गेला म्हणून आमच्या घरात आजवर कोणी वाईट वाटून घेतलेलं नाही. मग लाल दिवा लागला. म्हटलं लागू दे. मग वास आला, म्हटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग बॉनेटमधून पांढरं काहीतरी भसाभसा बाहेर पडायला लागलं, आणि तेव्हा मात्र पुढे ट्रक नव्हता. घाबरलो का? छे हो! मला काय, काही जाणवतच नव्हतं!

गाडी कडेला घेतली. तेवढं जमलं. आता बॉनेट उघडायचं. सीटच्या बाजूला एक दांडी होती ती ओढली, पेट्रोलचं झाकण उघडलं. दुसरी ओढली, डिकी उघडली. तिसरी ओढली तर मीच सीटसकट आडवा! पाय वर, डोळे छताकडे, आणि खिडकीत एक आजोबा वाकून विचारतायत, "झोपायला जागा दुसरी नाही का मिळाली?" त्यांना वाटलं, चक्कर येऊन पडलोय. म्हटलं, नाही. म्हणजे म्हणालो "न्हाई." आजोबा दोन पावलं मागे सरकले.

रस्त्यात गाडी बंद पडली की माणसाला काय मिळतं? सल्ला! फुकट आणि भरघोस! एक स्कूटरवाला थांबला, "रेडिएटरचं झाकण उघडा, झाकण! आधी वाफ जाऊ द्या तिची!" आजोबा ओरडले, "अजिबात उघडू नका, तोंड भाजेल!" स्कूटरवाला म्हणे, "ओलं फडकं धरून उघडतात." आजोबा म्हणे, "मी बत्तीस वर्षं गाडी चालवलीय!" स्कूटरवाला म्हणे, "कुठली?" आजोबा म्हणे, "ते विचारू नका." एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती, तीसुद्धा थांबून म्हणाली, "पेटेल हो ही!" आणि पुढे न जाता तिथेच उभी राहिली, पेटेल तर निदान बघता तरी येईल म्हणून. त्यांची तिघांची चर्चा रंगली. माझी गरजच उरली नाही.

मग मी गॅरेजच्या मिस्त्रीला फोन लावला. "हयो," म्हटलं, "गादी वंद फदलीये."

"साहेब, गादीवाला नाही, गॅरेज आहे."

"गादी न्हाई हो! गाऽऽदी!"

"तेच सांगतोय, आमच्याकडे गाद्या नाहीत." मग जरा थांबला, आणि काय माया त्या आवाजात! "साहेब, दुपारचे साडेतीन वाजलेत. जरा पडा. उतरली की फोन करा." ठेवला!

मदतीसाठी म्हणून विम्याच्या कागदावर एक नंबर असतो, तो लावला. तिथे माणूस नाही, टेप. "आपली अडचण थोडक्यात बोलून सांगा." बोललो. "आपण म्हणालात, नवीन गाडी घ्यायची आहे. अभिनंदन!" बायको शाळेत शिकवते, तिचा फोन चार वाजेपर्यंत कपाटात. मेसेज का नाही केला म्हणता? हे बायकोनेही विचारलं. दुसऱ्या दिवशी. तुम्हा लोकांना दुसऱ्या दिवशी बरोबर सुचतं सगळं!

राहता राहिला दादा.

आता दादाचं सांगायला हवं. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. गाडी मुळात बाबांची. आणि तिचं सगळं करायचा दादा. दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून उभा! ऑइल बघ, पाणी बघ, हवा बघ, हे पूस, ते आवळ... आणि मी गच्चीतून चहा पीत म्हणायचो, "अरे चालतेय ना, मग कशाला तिला छळतोस?" असाच एक रविवार होता. त्याने बॅटरी काढून घेतली होती, तिची टोकं साफ करायला. आणि दुपारी जेवताना बाबांच्या हातातला चमचा पडला. मग तोंड वाकडं झालं. अर्धांगाचा झटका. गाडी दारात, आणि बॅटरी गच्चीत वर्तमानपत्रावर. टॅक्सी मिळायला पंचवीस मिनिटं लागली. बाबा तीन दिवस होते. डॉक्टर नंतर म्हणाले, झटकाच मोठा होता, पंचवीस मिनिटांनी काही फरक पडला नसता. नंतर म्हणाले. त्याच्या आधीच मी हॉस्पिटलच्या बाकावर, सगळ्या नातेवाइकांसमोर, दादाला एक शब्द बोलून बसलो होतो. "तुझ्यामुळे."

एकच शब्द! लोक शिव्या देतात, अंगावर धावून जातात, दुसऱ्या दिवशी एका ताटात जेवतात. मी एक शब्द बोललो. दादाने घरी येऊन बॅटरी बसवली, गाडी चालू करून बघितली, किल्ली टेबलावर ठेवली आणि गेला. याला चार वर्षं झाली. त्याने गाडीला हात लावला नाही, मी फोनला. मला काही वाटलं नाही का? तुम्हाला खरं सांगू? तेव्हापासून मला इंजेक्शन न घेताच फारसं काही जाणवत नव्हतं. ऑफिस, घर, ऑफिस. पेट्रोल घातलं की चालायचं.

तर लावला फोन. वाटलं उचलणार नाही. दुसऱ्या रिंगला उचलला.

"दादा," म्हटलं, "वी वोलतोय."

पलीकडून एकदम, "काय झालं? परत बोल! नाव सांग तुझं!"

आता माझ्या नावात नेमकी सगळी ओठांची अक्षरं! सांगितलं कसंबसं.

"अरे देवा... ऐक, घाबरू नकोस. दोन्ही हात वर कर! आत्ता!"

केले हो! भर रस्त्यात दोन्ही हात वर! फोन एका हातात, म्हणजे तो काय बोलतोय ते ऐकूच येईना! आणि माझं बघून आजोबांनीही हात वर केले, त्यांच्या मागे स्कूटरवाल्याने, बाईने पिशवी खाली ठेवून... रस्त्याने जाणाऱ्या बसमधली माणसं वळून बघतायत, कुणाला लुटतायत इथे! फोन कानाला लावला तर दादा ओरडतोय, "वर गेले का? सारखे गेले का? आता हस!"

"आं?"

"हसून दाखव!" फोनवर! मी आरशात बघून हसलो. डावी बाजू हसली. उजवी तशीच, लोंबती.

"सरळ हसलास?"

"न्हाई. एता वादूने."

"हलू नकोस!" दादा किंचाळला. "कुठे आहेस ते सांग, निघालोच मी, बोलत राहा, झोपू नकोस!"

हे सगळं त्याने बाबांच्या नंतर शिकून घेतलं होतं. हात वर करायचे, हसायचं, नाव विचारायचं. कशासाठी शिकला असेल ते मला कोणी सांगायची गरज नाही.

पंधराव्या मिनिटाला आला. एका पायात त्याची चप्पल, एका पायात वहिनीची. स्कूटर चालू ठेवूनच खाली उतरला, ती बिचारी आजोबांनी धरली. आला तो सरळ माझ्याजवळ, दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला, इकडे वळव, तिकडे वळव, डोळ्यांत बघ. चार वर्षांनी भावाने माझ्या गालाला हात लावला आणि तोही कुठे? उजवीकडे! मला काय, काही जाणवतच नव्हतं... मी नुसता त्याच्या हाताकडे बघत होतो, अंगठ्याच्या नखात तेच जुनं काळं ऑइल.

आणि मग त्याला बोळा दिसला.

"दाढ?" दादा म्हणाला. "दाढ काढलीस?"

मान हलवली. दादा माझ्याकडे बघतच राहिला. मारतो की काय असं वाटलं. मारलं असतं तरी चाललं असतं, त्याच बाजूला मारलं तर. पण तो वळला आणि तरातरा गाडीकडे गेला, वाकून कुठलीशी दांडी ओढली. चौथीच होती हो दांडी! बॉनेट उघडलं. "झाकणाला हात लावला नाहीस ना? बरं केलंस. अर्धा तास थंड होऊ दे." आजोबांनी स्कूटरवाल्याकडे असं काही बघितलं!

अर्धा तास दोघं पुलाच्या कठड्यावर बसलो. मंडळी पांगली. म्हटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. चार वर्षं रोज आंघोळ करताना पाठ केलेलं वाक्य होतं, साधं, दोन शब्दांचं. चुकलं माझं. सगळा जीव जिभेच्या चांगल्या अर्ध्या भागात गोळा केला आणि म्हणालो, "दादा... तुतलं वाधं."

दादा ताडकन उठला. "तुटलं? काय तुटलं?"

"तुतलं... वाधं!"

"अरे हो, पण काय? पट्टा? पाइप? आवाज आला होता का?" आणि आडवाच झाला की रस्त्यावर! पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली! वहिनीची चप्पल बाहेर, बाकी दादा आत. मी त्या चपलेला तिसऱ्यांदा सांगितलं. आतून आवाज आला, "थांब रे, बघतोय ना!" सगळं चाचपलं त्याने, एकेक पाइप, एकेक बोल्ट. मग बाहेर आला, तोंडाला काळं, हात पुसत म्हणाला, "काही तुटलेलं नाही. चार वर्षांत पाणी बघितलं नाहीस, दुसरं काय! अजून वाचलीय."

आणि तुम्हाला सांगतो, मी तिथे, कठड्यावर बसून, रडलो. अर्ध्याच तोंडाने. दादा म्हणाला, "दुखतंय का?" मी हो म्हटलं.

पाणी भरलं, गाडी सुरू झाली, दादा माझ्यामागून स्कूटरवर घरापर्यंत आला. वाटेत इंजेक्शन उतरलं. जीभ आली, ओठ आले, च आला, म आला, सगळी बाराखडी जागेवर आली! दारात दादासमोर उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि काय म्हणालो? "ते पाणी... किती दिवसांनी बघायचं असतं?"

दादा म्हणाला, "तुला नाही जमणार. मी येत जाईन रविवारी."

येतो. दर रविवारी, सात वाजता, माझी झोप मोडून! मला शेजारी उभं करतो, बोलतो वाट्टेल तसं, मी ऐकून घेतो. ते दोन शब्द अजून बोललेलो नाही, आता बोलायची सोयही राहिली नाही, इतकं सगळं सुरळीत चाललंय. फक्त एका गोष्टीने दादा हैराण आहे. दर आठवड्याला पाणी थोडं कमी होतं. पाइप बदलले, झाकण बदललं, दोनदा पोटावर सरपटून बघितलं, पण गळती काही सापडत नाही म्हणतो. सापडणार कशी? शनिवारी संध्याकाळी पेलाभर मीच काढून ठेवतो ना!