गळ्यातला मासा

ग्रीसमधल्या पिरेअसच्या धक्क्यावर सीरोस बेटाच्या बोटीसाठी रांग लागली होती. माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"झाफिरिस, क्रूस आणायला सांगितला होता. हा मासा कसला?"

"चांदीचा आहे, स्मारो."

"उद्या बाप्तिस्मा, धर्मपिता तू, आणि पोरीच्या गळ्यात मासळी?"

"अगं, माशाचा जुना शब्द इख्थीस. त्याचं एकेक अक्षर घे. इसूस, ख्रिस्तोस, थेऊ, ईओस, सोतीर. येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणहार! छळाच्या काळात ख्रिस्ती माणसं हीच खूण काढून एकमेकांना ओळखायची."

"आता कोण छळतंय तुला?"

"सांगू?"

"हे सांग, एवढं ज्ञान आलं कुठून?"

"सोनाराकडून. क्रूस संपले होते त्याच्याकडचे."

मागची माणसं हसली. तिलाही हसू आवरेना.

"दे इकडे."

"समुद्रात फेकू नकोस हं!"

"फेकते कशाला? पोरीला माझा क्रूस घालू, माझ्या बाप्तिस्म्यातला. हा मला राहू दे."

"आणि लोक काय म्हणतील, गळ्यात मासळी?"

"कोळ्याशी संसार केलाय मी जन्मभर. लाव मागची कडी, आणि केस ओढू नकोस."