चोरानं सांगितलेला ओटीपी

मोबाईल चोरीला गेला, त्याचा राग मी गिळला असता. पण पुढं जे झालं, ते अजून गिळवत नाही. शिरूरच्या बाजारात खिशातून फोन गेला. त्यात माझ्या वारलेल्या मंडळीचा आवाज होता. "आवो, जेवायला या," एवढाच.

चौकीत गेलो. हवालदार म्हणाले, "आबा, तक्रार ऑनलाइन करायची. तुमच्या नंबरवर ओटीपी आलाय, तो सांगा."

"साहेब, तो नंबर चोराकडं हाय."

"त्याला मी काय करू? त्याबिगर सिस्टीम पुढं जात न्हाई."

मग त्यांच्याच फोनवरून मी माझा नंबर लावला. चोरानं उचलला की!

"लेका, तुझ्यावर तक्रार करायचीय. आलेला ओटीपी तेवढा सांग."

तो खदाखदा हसला, आणि त्यानं सहाही आकडे सांगितले.

"फोन ठिव तुला. पर माझ्या मंडळीचा आवाज पुसू नगो," म्हणालो. त्यानं फोन कापला.

हवालदार खूश. "झालं, आबा. आता तपास कुठवर आला, त्याचा मेसेज तुमच्या नंबरवर येत जाईल."

"म्हंजी साहेब, तुम्ही कुठवर आलाय ते चोराला रोज कळणार, आन् मला कोण सांगणार?"